मध्येच टेप थांबवू नका

बाबांच्या कॅसेटींमध्ये प्रत्येक विलंबित ख्यालाला एक भोक आहे. मिरजेत दर्ग्याच्या उरुसात खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या स्मृतीला हजेरी लावायला गवई यायचे, रात्र-रात्र गाणं चालायचं. बाबा बँकेतून यायचे, जेवायचे आणि कॅसेट रेकॉर्डर पंच्यात गुंडाळून तिथे जाऊन बसायचे. कॅसेट ९० मिनिटांची, म्हणजे एक बाजू ४५ मिनिटांची. गवई मंद्रातून पायरी पायरी चढत तार षड्जाच्या, म्हणजे वरच्या ‘सा’च्या, उंबऱ्याशी आलेला असायचा आणि खट्ट. बाजू संपली. बाबांनी कॅसेट काढून, उलटवून, पुन्हा बटण दाबेपर्यंत आठ-दहा सेकंद जायचे. घरी ती कॅसेट लागली की त्या जागी आई पोळी लाटायची थांबायची. तो षड्ज बाबा सोडले तर आमच्या घरात कुणीही ऐकलेला नाही.

१९९४ मध्ये मी नोकरीसाठी कॅलिफोर्नियात ओकलंडला आले. पहिल्याच हिवाळ्यात एक मैत्रीण मला मिल्स कॉलेजात एका कार्यक्रमाला घेऊन गेली. एका माणसानं सारंगीला असतो तसा गज पत्र्याच्या ताटाच्या कडेवरून फिरवला. त्याच्या शेजारी बसलेली बाई चेलो या मोठ्या व्हायोलिनसारख्या वाद्याच्या तारांवर नुसती बोटं घासत होती. चाळीस मिनिटं हे चाललं. समोर कागद नाही, ताल नाही, आधी काही ठरलेलं नाही. ऐकणारे आम्ही जेमतेम वीस जण. पुढे मला कळलं की किराणा घराण्याचे गायक पंडित प्राणनाथ याच कॉलेजात १९७३ ते १९८४ शिकवत होते. त्यांचे गुरू अब्दुल वहीद खाँ, म्हणजे आमच्या मिरजेच्या खाँसाहेबांचे भाऊबंद. अमेरिकेतल्या प्रायोगिक संगीताचे दोन मोठे खांब, टेरी रायली आणि ला माँट यंग, प्राणनाथांपुढे शिष्य म्हणून बसले. मिरजेचा धागा मला इतक्या लांब सापडला, तेव्हापासून त्या संगीताशी माझं नातं घरचं झालं.

त्या रात्रीची टेप कुणीच केली नव्हती. ते मला फार लागलं. पुढच्या महिन्यात मी जुना रेकॉर्डर विकत घेतला आणि तेव्हापासून अशा मैफली मुद्रित करते आहे. माझा भाचा आता पुण्यात मित्रांबरोबर सिंथेसायझर, तुटके रेडिओ आणि बासरी घेऊन अशाच बैठका करतो. ‘आत्या, आमचं रेकॉर्डिंग नेहमी घाण येतं, काय करू?’ असं त्यानं विचारलं. त्याला फोनवर तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं ते इथे नीट लिहिते.

आधी विचारा

कार्यक्रम सुरू व्हायच्या तासभर आधी जा आणि वाजवणाऱ्यांना स्वतः विचारा. आयोजकाचा होकार पुरेसा नाही. तीन गोष्टी वेगवेगळ्या विचारा: मुद्रित करू का, प्रत इतर रसिकांना देऊ का, नेटवर ठेवू का. बरेच जण पहिल्याला हो म्हणतात आणि तिसऱ्याला नाही. मिळालेलं उत्तर वहीत त्याच शब्दांत लिहून ठेवा, कारण पाच वर्षांनी तुम्हाला ते आठवणार नाही.

या बाबतीत कलाकारांची दोन टोकं आहेत आणि मला दोन्ही पटतात. आमच्या शेजारच्या बर्कलीत ऑक्टोबर १९८४ मध्ये ग्रेटफुल डेड या बँडनं टेप करणाऱ्यांसाठी सभागृहात वेगळी जागा आखून दिली आणि त्यांची तिकिटं वेगळी काढली. हा बँड मुळात रॉकचा, पण त्यांच्या मैफलीत रोज एक भाग ना गाणं ना ताल असा मोकळा असे, आणि तो दर रात्री वेगळा असे. चाहत्यांना म्हणूनच प्रत्येक रात्रीची टेप हवी असायची. दुसरीकडे किंग क्रिम्झन या ब्रिटिश रॉक बँडचे गिटारवादक रॉबर्ट फ्रिप. प्रेक्षकांत यंत्र चालू असलं की वाजवणारा आणि ऐकणारा यांच्यातला विश्वास जातो, असं ते वर्षानुवर्षं सांगत आले. फ्रिप यांच्यासारखं कुणी समोर असेल तर यंत्र पिशवीतच राहिलं पाहिजे. लपवून टेप करणारे पुष्कळ आहेत आणि त्यांच्यामुळे काही अनमोल गोष्टी टिकल्या, हेही खरं. जर्मनीतल्या कोलोनच्या कॅन या बँडच्या १९७५ च्या श्टुटगार्टमधल्या मैफलीची तबकडी २०२१ मध्ये निघाली, ती एका चाहत्याच्या टेपवरूनच. तरी वीस जणांच्या खोलीत, जिथे वादक तुम्हाला तोंडओळखीनं ओळखतो, तिथे लपवणं मला जमत नाही. कायदाही कलाकाराच्या बाजूनं आहे. अमेरिकेत १९९४ मध्ये परवानगीविना मैफल टेप करण्याविरुद्ध कायदा झाला आणि भारतात त्याच सालच्या दुरुस्तीनं कॉपीराइट कायद्याच्या कलम ३८ मध्ये कलाकारांचा हक्क आला.

एकदा एका चेलोवादिकेनं मला सांगितलं, ‘आज नको, आज मी काहीतरी शोधते आहे.’ ती मैफल माझ्याकडे नाही. तिची जागा वहीत तारखेसह कोरी ठेवली आहे.

यंत्र

यावर लोक सगळ्यात जास्त बोलतात आणि यालाच सगळ्यात कमी महत्त्व आहे. आमच्या काळी सोनीचा डब्ल्यूएम-डी६सी हा वॉकमन नाहीतर टीसी-डी५एम हा जड रेकॉर्डर, त्यात क्रोमची चांगली कॅसेट. मग डॅट आलं. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी डिजिटल कॅसेट, सलग १२० मिनिटांची. पहिल्यांदा ती लावून बसले तेव्हा मला बाबांची आठवण झाली, कारण मधे उलटवायचं काही नव्हतं. मिनीडिस्क ही छोटी डिजिटल तबकडी स्वस्त होती म्हणून काही वर्षं तीही वापरली. तिच्यात एक धोका होता. मुद्रण थांबवल्यावर यंत्र डिस्कवर अनुक्रमणिका लिहायचं, आणि ती लिहून व्हायच्या आत बॅटरी गेली की सगळी मैफल गेली. २००१ मध्ये माझी एक मैफल अशी गेली. दोन सॅक्सोफोन आणि एक ड्रमर, तासभराचं वादन. नव्या बॅटऱ्या पिशवीत होत्या, मी मध्यंतरात बदलल्या नाहीत. तेव्हापासून मध्यंतर झालं की बॅटरी बदलायची, अर्धी शिल्लक असली तरी बदलायची.

आज दोन माइक लावता येतील असा छोटा रेकॉर्डर घ्या, २४ बिटचा चालेल, ३२ बिट फ्लोटचा असेल तर फारच बरं. बिट जास्त म्हणजे बारीक आणि मोठा आवाज दोन्ही टिपायला जागा जास्त. ३२ बिट फ्लोटमध्ये लेव्हल, म्हणजे मुद्रणाची पातळी, चुकली तरी नंतर सावरता येते, म्हणून मी अलीकडे झूमचा एफ३ वापरते. पैसे मर्यादित असतील तर ते माइकवर खर्च करा. भाच्याकडे सध्या फोनच आहे. फोनला वेगळा माइक जोडा, विमान मोडवर टाका, आणि आवाज आपोआप ‘सुधारणारी’ प्रत्येक सोय शोधून बंद करा. का ते पुढे सांगते.

शांतता जपा

भाच्याचं रेकॉर्डिंग घाण येत होतं ते इथे. बहुतेक यंत्रांत लेव्हल आपोआप ठरवणारी सोय असते. भाषणासाठी, मुलाखतीसाठी ती ठीक आहे. पण प्रायोगिक संगीतात वादक दोन-दोन मिनिटं जवळजवळ काहीच वाजवत नाहीत. यंत्राला वाटतं आवाज कमी आलाय, म्हणून ते लेव्हल चढवत जातं. मग खोलीतला फ्रीज, पंखा, शेजाऱ्याचं पोट, सगळं भरतीसारखं वर येतं. इतक्यात कुणी झांजेवर एक टिचकी मारली की यंत्र दचकून सगळं खाली दाबतं आणि ती टिचकी, जिच्यासाठी सगळे दोन मिनिटं थांबले होते, बोळ्यातून आल्यासारखी येते. ज्या शांततेवर सगळं उभं आहे तीच नाहीशी होते. ही सोय बंद करणं हा या सगळ्या लेखातला एकच नियम पाळायचा ठरवलात तरी अर्धं काम झालं.

लेव्हल हातानं अशी ठरवा. वादक तयारी करत असताना त्यांना विनंती करा: ‘आज तुम्ही जितकं मोठ्यात मोठं वाजवाल तितकं एकदा वाजवा.’ ते लाजून कमीच वाजवतात. म्हणून काटा उणे १२ डेसिबलवर पोचेल अशी लेव्हल ठेवा (शून्याच्या वर आवाज फाटतो) आणि मग आणखी थोडी उतरवा. नंतर हात लावायचा नाही. पहिला भाग फार बारीक वाटला तरी नाही. १६ बिटच्या काळात बारीक मुद्रणात खरखर उरायची. २४ बिटमध्ये तेवढी जागा मोकळी सोडता येते, घरी हवं तेवढं वर उचलता येतं. फाटलेला आवाज मात्र शिवता येत नाही.

माइक कुठे

दोन माइकची टोकं एकमेकांपासून १७ सेंटिमीटर, म्हणजे वितीपेक्षा थोडं कमी, आणि दोघांची तोंडं बाहेरच्या बाजूला, मधला कोन ११० अंशांचा. ही फ्रेंच रेडिओची पद्धत आहे आणि छोट्या खोलीत मला तिच्याइतकं खरं दुसरं काही वाटलेलं नाही. डोळे मिटून ऐकलं की कोण कुठे बसलं होतं ते कळतं. उंची बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या थोडी वर. स्पीकर नसतील, नुसती वाद्यं असतील, तर पहिल्या ओळीत किंवा तिच्याही पुढे. स्पीकरमधून इलेक्ट्रॉनिक्स येत असेल आणि वाद्यंही असतील, तर दोन्ही सारखी ऐकू येतील अशी जागा चालत चालत शोधा. एक कान बोटानं बंद करून फिरा, लवकर सापडते.

दार, एसी आणि खाण्यापिण्याचा काउंटर यांपासून लांब. न्यूयॉर्कमध्ये सॅक्सोफोनवादक जॉन झॉर्न यांनी २००५ मध्ये द स्टोन ही जागा सुरू केली तेव्हा तिथे खायला-प्यायला काहीच ठेवलं नव्हतं. बर्फ खळखळत नाही, बाटली उघडत नाही, ही टेप करणाऱ्याच्या दृष्टीनं केवढी मोठी गोष्ट आहे ते तिथे एकदा बसल्यावर कळतं.

आता स्वतःकडे बघा. नायलॉनचं जाकीट काढून ठेवा. काचेच्या बांगड्या काढून रुमालात गुंडाळा. माझ्या सुरुवातीच्या तीन टेपांमध्ये माझ्याच बांगड्या आहेत आणि एका समीक्षकानं त्यांना ‘नाजूक तालवाद्य’ समजून विचारणा केली होती. माइक हातात धरू नका, स्टँडखाली घडी घातलेला टॉवेल ठेवा म्हणजे फळीवरची पावलं वर चढत नाहीत. मिरजेत ‘क्या बात है’ म्हणायची आपल्याला सवय असते. माइकशेजारी बसून ती आवरावी लागते. मला अजून कधी कधी आवरत नाही.

किती वेळ चालेल हे गृहीत धरू नका

टेरी रायलींच्या ‘इन सी’ या रचनेत ५३ छोटे तुकडे आहेत. प्रत्येक वादक प्रत्येक तुकडा वाटेल तितक्या वेळा वाजवतो, त्यामुळे ते कधी संपेल हे वाजवणाऱ्यांनाही माहीत नसतं. अमेरिकी संगीतकार मॉर्टन फेल्डमन यांचं दुसरं स्ट्रिंग क्वार्टेट, म्हणजे चार तंतुवाद्यांची रचना, पूर्ण वाजवलं तर सहा तासांच्या आसपास जातं, तेही बहुतेक सगळं हळू आवाजात. आणि मोकळं वादन असेल तर दहा मिनिटं किंवा दोन तास, काहीही.

कॅसेटच्या दिवसांत आम्ही दोघं-तिघं जण मिळून करायचो. एकाची कॅसेट सुरू झाल्यावर वीस मिनिटांनी दुसऱ्याची, म्हणजे एकाची बाजू उलटताना दुसऱ्याची चालू असायची. मग घरी दोन टेपा जोडायच्या. बाबांच्या शेजारी असं कुणी असतं तर, असं मला तेव्हा दर वेळी वाटायचं. आता हिशेब सोपा आहे. २४ बिट, ४८ किलोहर्ट्‌झ, दोन चॅनेल म्हणजे तासाला साधारण १ जीबी. ३२ बिट फ्लोटमध्ये १.४ जीबी. सहा तासांची सोय करून जा. कार्ड घरीच रिकामं करा, खोलीत बसून जुन्या फाइली पुसू नका. नको ती फाइल जाते. काही यंत्रं २ किंवा ४ जीबी झाल्यावर फाइल तोडून नवी सुरू करतात. जोडाच्या जागी आवाजाचा एकही कण (सॅम्पल) हरवत नाही ना, हे घरी रेडिओ लावून आधी तपासा.

लोक शिरत असतानाच बटण दाबा. शेवट झाला की थांबा. टाळ्या संपू द्या, खुर्च्या सरकू द्या, वादक पाणी पिऊन काही बोलला तर तेही येऊ द्या. मग बंद करा. डीन बेनेडेटी नावाचा एक सॅक्सोफोनवादक १९४७-४८ मध्ये जॅझचे थोर सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर यांच्या मागे लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्कच्या क्लबांमध्ये रेकॉर्डर घेऊन फिरला. सामान महाग, म्हणून पार्कर वाजवायला लागले की चालू आणि थांबले की बंद. १९९० मध्ये ते सगळं तबकड्यांवर निघालं. ऐकताना अंगावर काटा येतो आणि जीव तुटतोही. पार्कर कुणाला उत्तर देत होते ते टेपवर नाहीच.

मी स्वतः हीच चूक एकदा केली. ओकलंडच्या टेलिग्राफ अ‍ॅव्हेन्यूवर रस्त्याला लागून असलेल्या एका गाळ्यात एक सॅक्सोफोनवादक एकटा वाजवत होता. मध्येच बाहेर बस थांबली आणि तिचा ब्रेक किंचाळला. घरी मी तो किंचाळा कॉम्प्युटरवर अलगद काढून टाकला, जोड कळणारही नाही असा, आणि अभिमानानं त्याला प्रत दिली. दोन दिवसांनी त्याचा फोन. ‘बस कुठे गेली? पुढची सहा मिनिटं मी बसशी बोलत होतो.’ मी मूळ फाइल काढून ऐकली. त्यानं ब्रेकचा स्वर उचलला होता, अर्ध्या श्रुतीनं खाली घेऊन धरला होता, आणि सगळं पुढचं वादन त्या एका स्वरावर उभं होतं. माझ्या ‘स्वच्छ’ प्रतीत तो स्वर आभाळातून पडल्यासारखा येत होता. तेव्हापासून मूळ फाइलला मी कात्री लावत नाही. खोकला राहू देते, सायरन राहू देते, पाऊस राहू देते.

वही

गाळ्याबाहेर पडलात की घरी जायच्या आधी लिहा. तारीख, शहर, जागा. वादकांची नावं, त्यांच्याकडूनच स्पेलिंग विचारून. कोण काय वाजवत होतं, उजवीकडे कोण, डावीकडे कोण. किती भाग झाले. माइक कोणते, कुठे, किती उंचीवर, यंत्र कोणतं. आणि टेपवर जे दिसत नाही ते. अमुक मिनिटाला दिवे गेले आणि त्यांनी अंधारात वाजवलं, तमुक मिनिटाला ड्रमरनं चिंधी भिजवून ड्रमवर पिळली. शक्य असेल तर सुरुवातीला माइकमध्येच हळू आवाजात तारीख, जागा आणि नावं बोला. कागद हरवतो, फाइलचं नाव बदलतं, आवाज टेपला चिकटून राहतो.

वाटणं

विकायचं नाही. नव्वदच्या दशकात मी या देवाणघेवाणीत आले तेव्हा हा नियम कुठे लिहिलेला नव्हता आणि तो मोडणाऱ्याला पुन्हा कुणी टेप देत नसे. पद्धत अशी होती: ज्याच्याकडे देण्यासारखं काही नाही त्यानं कोऱ्या कॅसेट आणि परतीच्या पाकिटावर तिकिटं लावून पाठवायची. काही जण दोनास एक करायचे, म्हणजे दोन कोऱ्या पाठवा, एक भरून येईल, दुसरी त्यांना ठेवायला. पहिल्यांदा मला ओहायोतल्या एका अनोळखी माणसानं एकही कॅसेट न मागता चार भरलेल्या पाठवल्या, सोबत चिठ्ठी: पुढच्या नवख्याला अशाच दे. मी आजवर दिल्या आहेत.

मोठी मागणी असली की झाड करायचे. मूळ टेप एकाकडे, तो पाच जणांना देणार, ते पाच जण प्रत्येकी पाच जणांना. कॅसेटच्या प्रत्येक नकलेत टेपची सरसर वाढत जायची, म्हणून कोणती नक्कल कितव्या पिढीची हे लेबलवर लिहिणं सक्तीचं असे. घाईच्या दुप्पट वेगानं नक्कल करणाऱ्याला लोक टाळायचे. भरलेल्या कॅसेटच्या वरच्या कडेचे दोन बारके चौकोन मोडून टाकायचे, म्हणजे तिच्यावर कुणी चुकून दुसरं काही भरत नाही. भारतातून आलेल्या माझ्या एका पाकिटातली कॅसेट असं न केल्यामुळे वाटेत कुणाच्या तरी हातून पुसली गेली, ती एकुलती एक होती.

डिजिटल काळात नकलेनं आवाज बिघडत नाही, पण माणसांच्या सवयींनी बिघडतो. फ्लॅक फाइल करा, तिच्यात आवाजातलं काही गळत नाही. एमपी३ नको, ती लहान करताना आवाजाचा काही भाग टाकून देते. एमपी३मधून पुन्हा फ्लॅक केलेली फाइल तर कधीच पुढे देऊ नका. तिच्यातून गेलेलं परत येत नाही आणि ऐकणाऱ्याला ती मूळ वाटते. फोल्डरचं नाव वर्षापासून सुरू करा, मग महिना, मग दिवस, म्हणजे रांग आपोआप लागते. आत वहीतलं सगळं साध्या मजकुराच्या फाइलमध्ये, आणि एक चेकसम फाइल, जिच्यावरून दुसऱ्याला कळतं की वाटेत काही बदललेलं नाही. तीन प्रती ठेवा, एक दुसऱ्या घरी. माझी तिसरी प्रत भाच्याकडे आहे.

पहिली प्रत नेहमी वादकाला. आठवड्याच्या आत. त्यानं ‘हा भाग नको’ म्हटलं तर तो भाग वाटायचा नाही. इंटरनेट आर्काइव्हवर २००२ पासून मैफलींचा मोठा साठा आहे आणि तिथे परवानगी दिलेल्या कलाकारांचंच ठेवतात. सार्वजनिक करायचं तर मी तसंच करते.

घरातल्या जुन्या कॅसेटी

हे मी शेवटी केलं आणि पहिल्यांदा करायला हवं होतं. गेल्या वर्षी आई गेल्यावर मिरजेहून बाबांची पेटी आणली. छत्तीस कॅसेटी. पावसाळी हवेनं सहा कॅसेटींच्या टेपवर पांढरी बुरशी. बुरशीची कॅसेट चुकूनही यंत्रात घालू नका, ती हेडला, म्हणजे टेपला टेकून आवाज वाचणाऱ्या भागाला, लागते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटवर जाते. त्या वेगळ्या ठेवून जाणकाराकडे द्या. बाकीच्या आधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवा, चिकटलेले वेढे सुटतात. आतली फेल्टची बारकी गादी निघाली असेल तर स्क्रूची रिकामी कॅसेट घेऊन टेप तिच्यात हलवा.

मग सगळ्यात महत्त्वाचं. बाबांच्या रेकॉर्डरच्या हेडचा कोन आणि तुमच्या यंत्राच्या हेडचा कोन एक नसतो, त्यामुळे आवाज घोंगडीतून आल्यासारखा येतो. हेडशेजारचा बारका स्क्रू, टेप चालू असताना, केसभर इकडे-तिकडे फिरवा. तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारांची ती गुंजणारी झंकार, ऐकत राहा. एका ठिकाणी ती अचानक उघडते, तारांतून प्रकाश आल्यासारखी. तिथे थांबा. प्रत्येक कॅसेटसाठी पुन्हा करा. २४ बिट, ९६ किलोहर्ट्‌झवर घ्या आणि सरसर काढायची कुठलीही जादू मूळ फाइलवर करू नका.

एकोणिसाव्या कॅसेटवर मला बाबांचा आवाज सापडला. बाजू उलटवून झाल्यावर, गाणं पुन्हा सुरू व्हायच्या आधी, ते शेजाऱ्याला हळूच सांगतात: ‘गेला तो. षड्ज गेला.’ शेजारी म्हणतो, ‘असू दे, मी ऐकलाय.’ लेबलवर फक्त ‘उरूस, ८३, पूरिया’ एवढंच आहे. गाणाऱ्या बाई कोण आहेत ते मला कळलेलं नाही. आवाज मध्यमवयीन, खर्ज भरदार, ताना क्वचित, तबला अगदी मागे ठेवलेला, आणि शेवटी कुणीतरी त्यांना ‘अक्का’ म्हणतं. मिरज-सांगली-कोल्हापूरकडच्या कुणी त्या रात्री तिथे असेल, किंवा कुणाच्या घरी त्या रात्रीची दुसरी टेप असेल, तर मला हवी आहे. उलटवायची वेळ दोघांची एकच नसणार. माझ्या छत्तीसही कॅसेटींच्या प्रती मी बदल्यात देईन, कोऱ्या कॅसेटी पाठवायची गरज नाही.